ताटातलं ताटातच राहू दे

ग्लासगोच्या दक्षिण भागातल्या पोलोकशील्ड्समध्ये अल्बर्ट ड्राइव्ह नावाचा रस्ता आहे. डाळीचं पीठ, मसूर डाळ, हळद, मुलतानी माती, गुलाबपाणी, खोबरेल तेल, सगळं तिथल्या दुकानांत मिळतं. नोव्हेंबर लागला आणि घरोघरी हीटिंग सुरू झाली, की यातलं बरंचसं सामान ताटाऐवजी न्हाणीघरातल्या वाटीत जातं. लहान मुलाच्या कोपराच्या घडीत आणि गुडघ्यामागे खरखरीत चट्टे उठलेले असतात. रात्रभर खाजवून सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके दिसतात. आई काळजीनं पुण्याला किंवा नाशिकला व्हिडिओ कॉल लावते आणि पलीकडून जिव्हाळ्यानं उपाय सांगितला जातो: डाळीचं पीठ घे, त्यात साय घाल, चिमूटभर हळद घाल. घरचंच आहे, अपाय व्हायचा नाही.

अपाय होतो. निरोगी, धडधाकट कातडीला सहसा होत नाही. पण ज्या त्वचेला ‘नाजूक’ म्हणून हा लेप सुचवला जातो, नेमक्या त्याच त्वचेला होतो.

लेपाच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं आधी नीट मांडायला हवं. ते म्हणतात, जे पोटात चालतं ते कातडीला चालणारच. बाजारातल्या क्रीमच्या डबीवर न वाचता येणारी वीस नावं असतात, घरच्या वाटीत तीनच वस्तू असतात आणि तिन्ही ओळखीच्या. आपल्या आज्या-पणज्यांनी हेच लावलं आणि त्यांची कांती म्हातारपणीही तुकतुकीत होती. शिवाय खर्च जवळजवळ काहीच नाही. हे मुद्दे प्रामाणिक आहेत आणि ते मांडणारी माणसं लेकरांच्या मायेपोटीच बोलतात. म्हणूनच त्यांना एकेक करून उत्तर द्यायला हवं.

पहिला मुद्दा पोटाचा. पोट आणि कातडी यांतला फरक समजून घ्यायचा, तर ग्लासगोतच १८६५ सालात जावं लागतं. जोसेफ लिस्टर तेव्हा ग्लासगो रॉयल इन्फर्मरीत शस्त्रक्रिया करत होता. हाड मोडलेल्या रुग्णांमधला एक फरक त्याला सतावत होता. हाड आतल्या आत मोडलं आणि वरची कातडी शाबूत राहिली, तर रुग्ण बरा होई. तेच हाड कातडी फाडून बाहेर आलं, तर जखम सडे, आणि पुष्कळदा पाय कापावा लागे किंवा रुग्ण दगावे. १२ ऑगस्ट १८६५ रोजी जेम्स ग्रीनलीज नावाच्या ११ वर्षांच्या मुलाच्या पायावरून गाडीचं चाक गेलं होतं. लिस्टरनं त्याच्या जखमेवर कार्बोलिक आम्लात भिजवलेली पट्टी बांधली. मुलाचा पाय वाचला आणि शस्त्रक्रियेचा इतिहास बदलला. या गोष्टीतला जंतूंचा भाग सगळ्यांना आठवतो. तिच्या मुळाशी असलेलं निरीक्षण मात्र कातडीचं होतं: ती अखंड असेल तर माणूस सुरक्षित, ती फाटली की दार उघडं.

इसबाची, म्हणजे एक्झिमाची, कातडी ही अशीच उघड्या दाराची कातडी असते. वरून ती नुसती कोरडी दिसते, पण तिच्या सगळ्यांत वरच्या, कागदाहूनही पातळ थरात बारीक बारीक फटी असतात. काहींना हा दुबळेपणा जन्मतःच मिळतो. ग्लासगोहून दीड-दोन तासांवरच्या डंडी विद्यापीठात आयर्विन मॅकलीन यांच्या गटानं २००६ साली दाखवून दिलं, की फिलॅग्रिन नावाचं प्रथिन बनवणाऱ्या जनुकातला बिघाड इसबाच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे. या प्रथिनामुळे वरच्या थरातल्या पेशी घट्ट बसतात आणि कातडीत ओलावा टिकतो. ते कमी पडलं, की भिंतीतल्या विटा शाबूत राहूनही मधला चुना झडल्यासारखी गत होते. आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचं काहीही आत शिरतं. त्या ‘काहीही’मध्ये डाळीचं पीठही आलं आणि दूधही.

मग खाल्लेलं पचतं, तर लावलेलं का बाधावं? शरीर या दोन वाटांकडे वेगळ्या नजरेनं पाहतं म्हणून. तोंडावाटे आलेला पदार्थ अन्न आहे, तो सोसायचा असतो, हे आतड्याला ठाऊक असतं. फुटक्या कातडीतून तोच पदार्थ शिरला, तर शरीर त्याला घुसखोर समजतं आणि त्याच्याविरुद्ध शस्त्रं परजून बसतं. पुढे कधी तो पदार्थ ताटात आला, की ती शस्त्रं बाहेर निघतात.

हा नुसता तर्क नाही. ब्रिटनमध्ये एके काळी बाळांच्या कित्येक मलमांत शेंगदाण्याचं तेल असे. गिडिअन लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडच्या एव्हन भागातल्या सुमारे १४ हजार मुलांच्या नोंदी तपासल्या आणि २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुरळ उठलेल्या, सुजलेल्या कातडीवर शेंगदाण्याचं तेल असलेली मलमं लावण्याचा आणि पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी होण्याचा संबंध त्यांना आढळला. त्याच लॅक यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या २०१५ सालच्या दुसऱ्या अभ्यासानं याची दुसरी बाजू दाखवली. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० बाळांपैकी निम्म्यांना पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे पदार्थ खायला देणं सुरू केलं, तर निम्म्यांना शेंगदाण्यापासून दूर ठेवलं. पाच वर्षांची होईपर्यंत दूर ठेवलेल्यांपैकी १७.२ टक्के मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी झाली, खाणाऱ्यांपैकी फक्त ३.२ टक्क्यांना. एकच शेंगदाणा तोंडावाटे ओळखीचा झाला आणि कातडीवाटे वैरी.

शंका उरत असेल, तर जपानकडे पाहावं. तिथे ‘चा नो शिझुकू’ या नावाचा चेहऱ्याचा साबण खूप खपत होता. त्यात गव्हापासून बनवलेलं एक प्रथिन होतं. रोज त्या साबणानं तोंड धुणाऱ्या दोन हजारांहून अधिक लोकांना गव्हाची ॲलर्जी झाल्याचं पुढे नोंदलं गेलं आणि २०११ साली साबण बाजारातून परत मागवावा लागला. आयुष्यभर पाव आणि गव्हाच्या शेवया खाल्लेली ही प्रौढ माणसं होती. आता तेच खाल्ल्यावर त्यांचे डोळे सुजू लागले, काहींना श्वास घेणं अवघड झालं. आणि साबण तर लगेच धुऊन टाकला जातो. लेप वीस मिनिटं राहतो.

हरभऱ्याची ॲलर्जी भारतातल्या अभ्यासांत नोंदलेली आहे. गाईच्या दुधाची ॲलर्जी तर तान्ह्या मुलांत नेहमी आढळणाऱ्या ॲलर्जींपैकी एक. शिवाय ब्रिटनमध्ये विकत मिळणाऱ्या डाळीच्या पिठाच्या पाकिटावर गहू, मोहरी किंवा शेंगदाण्याचा अंश असू शकतो, अशी सूचना अनेकदा छापलेली असते. म्हणजे तीन ओळखीच्या वस्तू म्हणून जी वाटी पुढे केली जाते, तिच्यात तीनच वस्तू असतील याची खात्री नाही. शिवाय त्या वस्तूंमध्ये जी प्रथिनं आहेत, ती नेमकी ॲलर्जी जागवणारीच आहेत.

स्कॉटलंडचं स्वतःचं घरगुती औषध म्हणजे ओट. पायमोज्यात ओट भरून तो अंघोळीच्या पाण्यात पिळण्याची पद्धत तिथे जुनी आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. अतिशय बारीक दळलेल्या ओटला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २००३ साली त्वचारक्षक म्हणून मान्यता दिली. तरीही फ्रान्समध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इसब असलेल्या मुलांपैकी ज्यांना ओटची क्रीम लावली जात होती, त्यांच्यात ओटला प्रतिक्रिया देणाऱ्यांचं प्रमाण अधिक दिसलं. इतक्या सौम्य धान्याची ही गोष्ट आहे.

यावर उत्तर येतं, की आधी कोपराच्या आत थोडंसं लावून बघावं, चोवीस तासांत काही झालं नाही तर खुशाल वापरावं. ही चाचणी फार तर आधीपासून असलेली ॲलर्जी पकडेल, तीही पकडेलच असं नाही. दवाखान्यातली पॅच टेस्ट पाठीवर दोन दिवस ठेवतात आणि चौथ्या दिवशीही पुन्हा पाहतात, ते प्रतिक्रिया उशिरा उमटते म्हणून. नवी ॲलर्जी तर आठवड्या-आठवड्यांच्या वापरानं आकार घेते. पहिल्या दिवशीचं स्वच्छ कोपर दहाव्या लेपाची हमी देऊ शकत नाही.

नैसर्गिक म्हणजे सौम्य, ही समजूतही तपासून घ्यावी. लिंबाच्या रसाचा सामू दोनच्या आसपास असतो, कातडीचा पाचच्या आसपास. खायचा सोडा उलट्या बाजूला, आठच्या पुढे. लिंबाच्या सालीतली द्रव्यं अंगावर राहिली आणि वर ऊन पडलं, तर कातडी भाजल्यासारखी होते आणि तिथे काळे डाग राहतात. ऑलिव्ह तेल ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं बाळांच्या मालिशीसाठी सुचवलं जाई. शेफील्डच्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं, की ते तेल कातडीचा वरचा थर कमकुवत करतं. गव्हाळ आणि सावळ्या वर्णाला याची किंमत जास्त मोजावी लागते, कारण अशा त्वचेवरची प्रत्येक आग विझताना काळपट खूण ठेवून जाते आणि ती पुसायला महिने लागतात. उजळ कांतीसाठी लावलेला लेपच मग डागांचं कारण ठरतो.

खोबरेल तेलाचं मात्र वेगळं आहे आणि ते मोकळेपणानं सांगायला हवं. मुंबईच्या शीव रुग्णालयातल्या डॉक्टरांनी नवजात बाळांच्या मालिशीचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध केला. त्यात खोबरेल तेलानं मालिश केलेल्या कमी दिवसांच्या बाळांचं वजन अधिक वेगानं वाढलेलं दिसलं. फिलिपीन्समध्ये इसबाच्या रुग्णांवर झालेल्या छोट्या अभ्यासांतही या तेलाला बरे गुण मिळाले. ग्लासगोत ते जवळजवळ बारा महिने थिजलेलं असतं. सुमारे २४ अंशांखाली ते घट्ट होतं आणि तिथल्या स्वयंपाकघरात तेवढी ऊब क्वचितच असते. बाटलीत चमचा घालून कोरायचं, तळहातावर विरघळवायचं, मग लावायचं. शाबूत कातडीला ते चालत असेल, तर कोणी बंद करायला सांगत नाही. पण यावरून हळद, दही, मध आणि लिंबू यांना आपोआप परवाना मिळत नाही.

साठवणीचा प्रश्न त्याहून गंभीर. कोरफडीचा गर, गुलाबपाणी आणि ग्लिसरीन घोटून फ्रीजमध्ये दोन आठवडे ठेवायचं, अशी कृती घरोघरी फिरते आहे. ज्यात पाणी आहे आणि टिकाऊपणासाठी काहीही घातलेलं नाही, अशा मिश्रणात जंतू वाढणारच. फ्रीज त्यांचा वेग कमी करतो, त्यांना मारत नाही. रोज त्या बरणीत बोट बुडतं आणि ते बोट जिथे जातं, त्या इसबाच्या चट्ट्यावर बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू आधीच मुक्कामाला असतो. मधही याला अपवाद नाही: जखमांवर वापरण्याचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो, स्वयंपाकघरातला तसा नसतो. एक वर्षाखालच्या बाळाला तर मध चाटवायचाही नसतो, कारण त्यातून बोट्युलिझम होऊ शकतो. गालावर लावलेलं बाळाच्या तोंडात जायला वेळ लागत नाही.

आता आजीचा मुद्दा. आजीचं उटणं काय होतं, हे नीट आठवून पाहावं. नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, आंबेहळद, गुलाबाच्या वाळवलेल्या पाकळ्या. कोरडी पूड, आयत्या वेळी कालवलेली. आधी अंगभर तेल चोळलेलं, वरून उटणं, लगेच कढत पाणी. दिवाळीच्या चार दिवसांत, धडधाकट कातडीवर. इसब चिघळलेल्या पोराला उटण्यानं घासून काढावं, असं परंपरा सांगत नाही. ज्याच्या अंगावर फोड-पुरळ आहे त्याला कशा-कशापासून जपायचं, हे जुन्या बायकांना चांगलं कळत होतं. शिवाय आजी दमट, उबदार हवेत राहत होती. ग्लासगोत बाहेर पाऊस, आत रेडिएटर आणि खोलीतली हवा कोरडी. तिथल्या दुधावर जाड सायसुद्धा धरत नाही, कारण दुकानातलं बहुतेक दूध एकजीव केलेलं असतं. म्हणून सायीच्या जागी डबल क्रीम येतं, ताज्या दह्याच्या जागी डब्यातलं. हवा बदलली, सामान बदललं, कातडीची अवस्था बदलली. उरलं ते फक्त कृतीचं नाव.

पाण्याच्या बाबतीत मात्र ग्लासगोकर सुदैवी आहेत. शहराला १८५९ पासून लोख कॅट्रिन या सरोवराचं पाणी मिळतं आणि ते अतिशय हलकं आहे. बोअरचं जड पाणी वापरून आलेल्या माणसाला तिथे साबणाचा फेस पाहून नवल वाटतं. साबणानं अंग फुटतं म्हणून डाळीचं पीठ वापरायचं, ही देशावरची सवय तिथे गैरलागू आहे. तिथे अंग फुटतं ते मुख्यतः वीस-वीस मिनिटांच्या गरम शॉवरनं आणि कोंडलेल्या कोरड्या उबेनं.

राहिला ‘केमिकल’चा मुद्दा. बाजार निष्पाप आहे असं कोणी म्हणू नये. मेथिलआयसोथायझोलिनोन नावाच्या परिरक्षकानं युरोपात ॲलर्जीची साथच आणली. अखेर २०१७ मध्ये अंगावर राहणाऱ्या सौंदर्यप्रसाधनांत त्यावर बंदी घालावी लागली. ब्रिटनमध्ये डॉक्टर वर्षानुवर्षं लिहून देत असलेल्या ‘ॲक्वियस क्रीम’मध्ये सोडियम लॉरिल सल्फेट होतं. २०१३ साली तिथल्या औषध नियामक संस्थेनंच इशारा दिला, की इसबाच्या मुलांना ते चुरचुरतं. हे दोष वैद्यकाचे आणि उद्योगाचे आहेतच. पण ते सापडले कसे? घटक लिहिलेले होते, प्रमाण ठरलेलं होतं, लाखो लोकांना तीच वस्तू मिळत होती आणि तक्रारी नोंदणारी यंत्रणा होती, म्हणून. घरच्या वाटीला यातलं काहीच नसतं. तिथे अपाय झाला, तर तो हवेवर, खाण्यावर किंवा मुलाच्या नशिबावर ढकलला जातो आणि पुढच्या रविवारी लेप पुन्हा कालवला जातो.

या सगळ्यामागे एक भीती आहे आणि तिची थट्टा करण्याचं कारण नाही. ती स्टेरॉइडची भीती. महाराष्ट्रातल्या कित्येक घरांनी दुकानातून आणलेल्या स्टेरॉइडमिश्रित ‘गोरेपणाच्या’ मलमांनी लाल, पातळ आणि केसाळ झालेले चेहरे पाहिले आहेत. भारत सरकारला २०१८ साली अशी १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंधन घालावं लागलं. पण चेहऱ्यावर महिनोन्महिने मनमानीनं चोळलेलं कडक मलम आणि डॉक्टरनं ठरवून दिलेल्या ताकदीचं, ठरलेल्या दिवसांपुरतं, चट्ट्यावरच लावलेलं मलम यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. दुसरं टाळल्यामुळे जे मूल रात्र-रात्र झोपत नाही, त्याची भरपाई कुठलंही डाळीचं पीठ करू शकत नाही.

‘आपल्या कातडीचं तिथल्या डॉक्टरांना काय कळतं’ ही तक्रारही अगदी पोकळ नाही. पाठ्यपुस्तकांत इसब लाल दिसतो. सावळ्या अंगावर तो करडा, जांभळट किंवा गडद तपकिरी दिसतो आणि सौम्य समजला जाण्याचा धोका असतो. लंडनच्या सेंट जॉर्जेसमध्ये शिकणाऱ्या मालोन मुकवेंडे या विद्यार्थ्यानं २०२० साली आपल्या प्राध्यापकांसह काळ्या-सावळ्या त्वचेवरच्या लक्षणांची पुस्तिकाच काढली, ती याच उणिवेपोटी. म्हणून डॉक्टरकडे जाताना खाज किती, झोप किती मोडते आणि चट्टा कसा वाढत गेला, हे फोटोंसह ठामपणे सांगावं. उणीव तिथे आहे, तर उपायही तिथेच मागायला हवा.

आणि खर्च? स्कॉटलंडमध्ये १ एप्रिल २०११ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीवरच्या औषधांना पैसे पडत नाहीत. २०२० पासून ‘फार्मसी फर्स्ट’ या योजनेत किरकोळ तक्रारींसाठी थेट गल्लीतल्या केमिस्टकडे जाऊन सल्ला घेता येतो, गरज असेल तर औषधही मिळतं. महागड्या डबीची गरजच नाही. इंग्लंडमध्ये इसबाच्या ५५० मुलांवर ओलावा टिकवणाऱ्या, स्टेरॉइड नसलेल्या लोशन, क्रीम, जेल आणि मलम या चार प्रकारांची तुलना झाली. २०२२ साली निकाल आला, की परिणामात फारसा फरक नाही. जे मुलाला आवडतं आणि रोज लागतं, ते चांगलं. प्रमाण मात्र भरपूर हवं. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचना इसबाच्या मुलासाठी आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम सांगतात. एका आठवड्यात अर्धा किलो! चमचाभर सायीच्या वाटीची तुलना या आकड्याशी करून पाहावी.

यातली बरीच मलमं पॅराफिनवर आधारलेली असतात आणि ‘पेट्रोलमधलं’ म्हणून पुष्कळ आया ती नाकारतात. ग्लासगोत जन्मलेल्या जेम्स यंगनं १८५० साली कोळशापासून पॅराफिन काढण्याचं पेटंट घेतलं. त्या कुळातलं, औषधासाठी शुद्ध केलेलं पांढरं मऊ पॅराफिन आज इसबावरच्या साध्यातल्या साध्या मलमांत असतं. त्याला वास नाही आणि त्यात प्रथिन नाही, म्हणून त्याची ॲलर्जी अगदी विरळा. एक खबरदारी मात्र पाळायलाच हवी: मलमं मुरलेले कपडे आणि चादरी चटकन पेट घेतात, त्यामुळे त्या विस्तवापासून आणि देवघरातल्या निरांजनापासून दूर ठेवाव्यात.

ऑक्टोबरच्या शेवटी, घड्याळं मागे जाण्याआधी, ग्लासगोत आठच्या सुमाराला उजाडतं. नरक चतुर्दशीचं पहाटेचं अभ्यंगस्नान तिथे अगदी निवांत होऊ शकतं. ज्यांचं अंग धड आहे, त्यांनी तेल चोळावं, उटणं लावावं, वास घरभर दरवळू द्यावा. इसब असलेल्या मुलालाही त्याच पाटावर बसवावं, त्याच निरांजनानं ओवाळावं. नंतर कोमट पाण्यानं पाच-दहा मिनिटांत त्याची अंघोळ उरकावी, साबणाऐवजी डॉक्टरनं दिलेलं ओलावा टिकवणारं मलमच वापरावं, पंचानं न घासता अंग टिपून घ्यावं आणि निरांजन बाजूला ठेवून, कातडी ओलसर आहे तोवर केमिस्टकडच्या मोठ्या डब्यातलं मलम त्याच्या अंगावर वरून खाली भरपूर लावावं. डाळीच्या पिठाचे लाडू त्यानंतर ताटात यायचेच आहेत. हरभरा आणि दूध त्याला पचत असेल, तर त्यानं ते पोटभर खावेत.